माझ्या पायाखालचा चौथरा

मी उंची मोजणारा लाकडी जिराफ आहे, आणि आज मी गोड बोलणार नाही. इतकी वर्षं गोडच बोलत आलो. आता माझ्या तोंडावर पार्कच्या नव्या मालकांनी रंगवलेलं हसू आहे, पण ते माझं नाही.

तुम्ही मला पाहिलं असेल. रुळांवरून वर चढत जाणारी आणि किंचाळ्यांसकट खाली कोसळणारी ती पार्कमधली गाडी, 'नागमोडी', तिच्या दारात मी उभा असायचो. एक हात आडवा पसरून. जिराफाला हात नसतात हे मला ठाऊक आहे. मला घडवणाऱ्या सुतारालाही ठाऊक होतं. त्याची बायको त्याला हसली तेव्हा तो म्हणाला होता, मान वाकवली तर पोरांच्या डोळ्यात जाईल, त्यापेक्षा हात बरा. तेव्हापासून मी हातवाला जिराफ.

काम सोपं होतं. ज्याचं डोकं माझ्या हाताला टेकेल त्याने गाडीत बसायचं, ज्याचं टेकणार नाही त्याने थांबायचं. सोपं होतं म्हणूनच सुताराने ते हलक्या हाताने केलं नाही. दारातली जमीन किंचित उतरती होती. त्याने मला उभं केलं, माप घेतलं, पुन्हा आडवं पाडलं, खूर तासले, पुन्हा उभं केलं. बाकीचे कंटाळून चहाला गेले. जमिनीपासून हातापर्यंतचं माप बरोबर आल्यावरच त्याने हत्यारं पिशवीत भरली.

माणसांची एक गंमत मला तिथे उभ्या उभ्या कळली. तिकीटखिडकीवर मुलं गुडघे वाकवून, मान आखडून उभी राहायची, कारण लहान दिसलं की अर्धं तिकीट. तीच मुलं, तेच आईबाप माझ्यापाशी आले की टाचा उचलायचे, केस फुगवायचे, डोक्यावरची टोपी काढायला विसरायचे. खिडकीपासून माझ्यापर्यंत येईतो पोरगं वाढायचं. मी कुणाला नावं ठेवली नाहीत. माझा हात मात्र मी कुणासाठी खालीवर केला नाही.

दारावर तेव्हा एक रखवालदार होता. मुलं त्याला पंजामामा म्हणायची, कारण तो प्रत्येकाच्या डोक्यावर पंजा ठेवून आधी केस दाबायचा आणि मग बघायचा. ज्याला नाही म्हणायचं त्याच्यासमोर तो उकिडवा बसायचा. उभ्याने नाही म्हटलं की पोराला पाणउतारा वाटतो, असं त्याचं म्हणणं. मग तो पोराला माझ्या मागे न्यायचा आणि माझ्या पाठीवर, त्याच्या डोक्याच्या उंचीला, पेन्सिलने एक रेघ ओढायचा. आजची तुझी उंची इथे ठेवली, म्हणायचा. रडत आलेली मुलं माझ्या पाठीला हात लावून, आपली रेघ पुन्हा एकदा बघून जायची. माझी पाठ अशा रेघांनी भरून गेली होती, आणि मला तिचा पोटाच्या ठिपक्यांपेक्षा जास्त अभिमान होता.

त्या रेघांमध्ये एक रेघ टिंगूची होती.

टिंगू हे तिचं शाळेतलं नाव. वर्गात सगळ्यांत बुटकी म्हणून चिकटलेलं. तिची आत्या तिला आणि तिच्या दादाला दर सुट्टीत पार्कात आणायची. दादा कधीच माझ्या हाताच्या वर जाऊन गाडीत बसायला लागला होता. टिंगू कठड्यापाशी उभी राहायची, एका हातात दादाच्या चपला, दुसऱ्या हातात आत्याची पिशवी. गाडी वर चढली की ती तोंड उघडून बघायची आणि खाली आली की दादाला विचारायची, वरून काय दिसलं? दादा दरवेळी नवीन थाप मारायचा. एकदा म्हणाला समुद्र. एकदा म्हणाला, आपल्या बाईंचं घर, बाई गॅलरीत पेपर तपासत होत्या आणि तुझ्याच पेपरावर लाल रेघा मारत होत्या.

मागच्या खेपेला तिचे केस आणि माझा हात यांच्यामध्ये जेमतेम एक बोट उरलं होतं. पंजामामाने रेघ ओढली आणि म्हणाला, आता पुढच्या वेळी मला दाबून बघावं लागणार नाही. दादाने तिथेच तिला शब्द दिला, की पहिल्या डब्यात, सगळ्यांत पुढे, दोघांनी मिळून बसायचं. ती पुढची सुट्टी संपली की दादा दूरच्या शहरात शिकायला जाणार होता. म्हणजे काय ते त्याच खेपेला.

मधल्या काळात पार्क विकला गेला.

नव्या मालकांनी आधी झाडाखालचे बाक काढले. बसायचं असेल तर खाण्याच्या दालनात बसा, आणि तिथे काही विकत घेतल्याशिवाय बसू देत नाहीत. मग पाण्याचे नळ बंद झाले. मग घरचा डबा आणायला मनाई झाली. दारावरचा माणूस बायकांच्या पिशव्यांत नाक घालून हुंगतो, आणि असल्या कामाला ते स्वागत म्हणतात. रांगा दोन झाल्या, एक उन्हातली आणि एक सोनेरी पट्टा बांधलेल्यांची. सोनेरी पट्टेवाले उन्हातल्यांच्या नाकावर टिच्चून पुढे जातात आणि जाताना दुसरीकडे बघतात. एकच गाणं दिवसभर वाजतं. 'नागमोडी'चंही नाव बदललं. नवं नाव गाडी चालवणाऱ्यांनासुद्धा धड उच्चारता येत नाही.

पंजामामाला त्यांनी गाड्या लावायच्या जागेवर पाठवलं. उकिडवं बसण्यात वेळ जातो, असं कारण कानावर आलं.

माझ्यावरही त्यांची कृपा झाली. माझे तपकिरी ठिपके खरवडून त्यांनी मला गुलाबी चकचकीत रंग दिला. पाठीवरून जाड ब्रश फिरला, आणि ज्या रेघा माझ्याकडे विश्वासाने ठेवायला दिल्या होत्या त्या सगळ्या एका सकाळीत गेल्या. मला एक नावही दिलं. ते मी सांगणार नाही, माझी तेवढी तरी लाज राहू दे. शेवटी फोटो चांगले यावेत म्हणून माझ्या खुरांखाली एक गोल चौथरा बसवला. चार बोटं उंच, कडेने लुकलुकणारे दिवे. जेमतेम माझे पाय मावतील एवढाच. मुलं बाजूला खाली, जमिनीवरच उभी राहणार.

चार बोटं. मी वर गेलो, माझ्याबरोबर माझा हातही वर गेला. हे एकाच्याही लक्षात आलं नाही. त्यांनी फोटो काढून बघितला, मान डोलावली आणि निघून गेले. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. दुसऱ्या दिवसापासून मी खोटं बोलायला लागलो. बसू शकणारी मुलं माझ्यामुळे परत जायला लागली.

आणि मग ती आली.

मी तिला लांबूनच ओळखलं. तिने केस चापूनचोपून बांधले होते, फुगवल्याचा आरोप नको म्हणून. पायांत सपाट सपाता. चालताना आत्या दादाला सांगत होती, की घरच्या दाराच्या चौकटीवर पोरीने तीन बोटं कमावली आहेत, यंदा जिराफाची काय बिशाद. ते तिघं उन्हातल्या रांगेत उभे राहिले. बाक नव्हता म्हणून आत्या एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. सोनेरी पट्टे पुढे जात राहिले. टिंगू एकदा माझ्या मागे जाऊन आपली रेघ शोधून आली, आणि ती सापडली नाही तेव्हा परत आत्याशेजारी उभी राहिली.

तिचा नंबर आला. ती माझ्या हाताखाली आली. माझा हात तिच्या डोक्यापासून दोन बोटं वर होता.

दाराशी नव्या गणवेशातली एक तरुण मुलगी होती. शिकवलेलं हसून तिने शिकवलेलं वाक्य म्हटलं, की हे तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे. दादाला वाटलं थट्टा चालली आहे. तो म्हणाला, "टिंगे, नीट उभी राहा ना. पोक काढू नकोस." ती नीटच उभी होती. तिने श्वास ओढला, मान ताणली, पण काही होईना. मागून कुणीतरी म्हणालं, घ्या हो पुढे. तिचे डोळे भरून आले, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून तिने मान खाली घातली.

मान खाली घातली म्हणून तिला दिसलं. तिच्या सपाता जमिनीवर होत्या. माझे खूर जमिनीवर नव्हते.

ती लोकांसमोर बोलणारी मुलगी नाही. ती आत्याच्या ओढणीशी गेली आणि एवढंच म्हणाली, "आत्या, जिराफ कशावर तरी उभा आहे."

आत्याने वाकून बघितलं. दादाने वाकून बघितलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. गणवेशातल्या मुलीनेही बघितलं, आणि तिचं हसू गेलं. ती हळूच म्हणाली, "बाई गं. सकाळपासून मी किती जणांना परत पाठवलं." तिने लगेच साहेबांना बोलावलं. ती वाईट नव्हती. मी रागात असलो तरी एवढं सांगायला हवं.

साहेब आले. कानात वायर, हातात पाण्याची थंड बाटली. त्यांनी चौथरा बघितला, टिंगूचे पाय बघितले, आणि त्यांना समजलं. समजल्याचं मी त्यांच्या तोंडावर वाचलं. मग त्यांची नजर बाजूला गेली. कठड्यापाशी परत पाठवलेली मुलं आणि त्यांचे आईबाप एकेक करून जमायला लागले होते. हिला हो म्हटलं तर त्या सगळ्यांना हो म्हणावं लागणार, आणि आधी आपण चुकलो असं म्हणावं लागणार. साहेबांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं.

"चौथरा वरून मंजूर झालेला आहे," ते म्हणाले.

"मग जिराफाला खाली उतरवा," दादा म्हणाला.

"उतरवला तर दिवे लागणार नाहीत."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात टिंगूने, जिला वर्गात हात वर करायला भीती वाटते त्या टिंगूने, सपाता काढल्या, माझ्या कमरेला धरलं आणि माझ्या खुरांशेजारी चौथऱ्याच्या काठावर चढून उभी राहिली. तिचं डोकं माझ्या हाताला टेकलं. नुसतं टेकलं नाही, हात वर ढकलला जाईल असं टेकलं. रांगेतल्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. इतक्या दिवसांत तेवढा एक क्षण मी खरं बोललो.

साहेब म्हणाले, "चौथऱ्यावर चढायला मनाई आहे. खाली उतर."

ती उतरली. आत्या खूप बोलली, तिच्या आयुष्यात बोलली नसेल एवढी. साहेबांनी कानावर हात ठेवले नाहीत, फक्त कानातल्या वायरीशी बोलत राहिले. पुढच्या वेळी या, म्हणाले. दादा म्हणाला, पुढच्या वेळी मी इथे नसणार. दादा एकटा बसू शकला असता, पण त्याने मनगटावरचा तिकिटाचा कागदी पट्टा ओढून काढायला घेतला. तो पट्टा फाटेना. शेवटी त्याने दातांनी तोडला आणि टिंगूच्या सपाता स्वतः हातात घेतल्या. ती अनवाणीच चालत गेली. त्या फेरीचा पहिला डबा रिकामाच वर चढला, मी पाहिला.

नंतर तिथे उंची मोजायला लाल-हिरव्या दिव्याचा एक खांब आला. चौथरा चुकीचा होता असं कुणीच म्हणालं नाही. मला उचलून पार्कातल्या दुकानात ठेवलं, चौथऱ्यासकट, कारण दिवे छान दिसतात. बाहेर पडायला दुसरी वाट ठेवलेली नाही, त्यामुळे रडकी, दमलेली, भुकेली सगळी माणसं या दुकानातूनच जातात. माझ्या पसरलेल्या हातावर आता विकायच्या टोप्या टांगतात.

तरीही आईबाप थांबतात. सवयीने मुलाला माझ्याशेजारी उभं करतात, टोप्या बाजूला सारतात आणि हसत म्हणतात, बघ, अजून छोटाच आहेस. मूल एकदा माझ्याकडे बघतं आणि ते खरं मानतं.

म्हणून ही विनंती. माझ्याशेजारी मूल उभं करू नका. केलंच, तर आधी खाली वाकून माझे पाय बघा. आणि मी काहीही सांगितलं तरी त्याला सांगा की जिराफ खोटं बोलतोय.