भाड्याचा पांढरा कोट

धाकट्याने जाहिरातीत पांढरा कोट घातला आणि आईने डॉक्टर बदलला. वास्तविक घरात खरी डॉक्टर थोरली लेक. धाकटा म्हणजे बारावीत दोनदा गटांगळ्या खाल्लेला नट. पण टीव्हीवर तो चष्मा सारखा करून, आवाज खाली आणून म्हणायचा, "हृदय जपायचंय ना? मग रोज दोन चमचे ही पावडर." झालं! आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या डब्यातच राहिल्या आणि दुधात पावडर पडू लागली.

आज थोरलीने आईच्या दंडाला पट्टा बांधला, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि तिचं डोकंच फिरलं. "अगं आई, तो कोट भाड्याचा होता! वाक्यं दुसऱ्याने लिहिलेली! गळ्यातला स्टेथोस्कोप तेवढा खरा, तोही माझ्याकडून मागून नेलेला!"

"मला का ठाऊक नाही? मीच जन्म दिलाय त्याला," आई म्हणाली. "पण तो टीव्हीतूनसुद्धा माझ्या डोळ्यांत बघून बोलतो. तू शेजारी बसूनही त्या आकड्याशीच भांडतेयस."