दुपट्याच्या पोटातला सदरा

सासू-सुनेचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं असं गावात कुणी म्हटलं, की दुसरं कुणीतरी लगेच हरणाबाईच्या घराकडं बोट दाखवायचं. त्या घरात सासू-सुनेचं जमत होतं. नुसतं जमत नव्हतं, तर शेजारणींच्या पोटात दुखावं इतकं जमत होतं. दुपारची भांडी झाली की हरणाबाई आणि तिची सून राही सोप्यात समोरासमोर बसायच्या. मध्ये जुन्या लुगड्यांचा ढीग असायचा, आणि पार इस्लामपूरच्या बाया आपल्या नातवंडांची दुपटी शिवून घ्यायला त्यांच्याकडं यायच्या.

दुपटं म्हणजे तान्ह्या बाळाची इवलीशी वाकळ. काम लहान दिसतं, पण सोपं नाही. मोठ्या वाकळेत गाठ राहिली तर झोपणारा शिव्या घालून मोकळा होतो. दुपट्यातली गाठ टोचली तर बाळ नुसतं रडतं, आणि आई बिचारी त्याची दृष्ट काढत बसते. म्हणून हरणाबाई एकेका टाक्यावरून बोट फिरवून बघायची. बहात्तरचा दुष्काळ सरला तसं बाजारात नायलॉनच्या साड्यांचं पेव फुटलं होतं. कुणी तसली साडी घेऊन आली की म्हातारी ती दोन बोटांत धरून परत द्यायची आणि म्हणायची, "घाम पीत न्हाई ते कापड कसलं? ह्येची पिशवी कर, बाजाराला ने."

शिवणाचं सारं सामान एका पत्र्याच्या डब्यात होतं. हरणाबाईच्या सासूपासून चालत आलेला डबा. त्यात झिजून पातळ झालेलं पितळी अंगुस्तान होतं, बोटात घालायचं. एक दाभण, एक जड कात्री, दोरा ओढून घ्यायला मेणाचा खडा, आणि सुया खोचायची चिंधीची गादी. ती गादी बायकांच्या विंचरलेल्या केसांनी भरलेली असायची, म्हणजे केसांतल्या तेलानं सुयांना गंज चढत नाही. वरच्यावर भर घालावी लागायची; आता तिच्यात हरणाबाईचे पांढरे आणि राहीचे काळे केस एकात एक गुंतले होते. राही दर अमावस्येला कात्रीला गोडेतेल लावायची, अंगुस्तान चिंचेनं घासायची. सोन्याच्या दागिन्याला कुणी इतकं जपत नसेल.

हरणाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हा तिनं तो डबा राहीच्या मांडीवर ठेवला. "ह्यो आता तुजा," ती म्हणाली. "घर जिच्या हातात, डबा तिच्या हातात."

या शब्दांचं मोल राहीला होतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. दुसऱ्या घरांत अशा सुनेला उठता-बसता टोमणे मिळतात, आणि एक दिवस माहेरची वाट दाखवली जाते. मूल नसलेल्या बाईला घरात पाय रोवायला काहीतरी लागतं. राहीनं तो डबा धरून पाय रोवले होते. नवरा सयाजी कोयनानगरला पॉवर हाऊसवर कामाला होता. तो महिन्यातून एखादा शनिवार यायचा, रविवारच्या एसटीनं जायचा. तो गेला तरी तिचं घर रिकामं होत नव्हतं, कारण समोर आत्ती, म्हणजे सासूबाई, बसलेल्या असायच्या.

अशाच एका रविवारी सयाजी गेला आणि हरणाबाईनं एक गठुडं राहीपुढं सारलं.

"सयाजीच्या मुकादमाच्या लेकीला पोरगा झालाय. बारशाला दुपटं पायजे. पैलं लेकरू हाय, नीट शीव."

राहीनं गठुडं सोडलं. आत तीनच कापडं होती, धुऊन घडी घातलेली. तीन का, ते हरणाबाईच्या हाताखाली शिकलेल्या कुणालाही कळलं असतं. दुपट्याच्या वरच्या अंगाला बापाच्या आईचं लुगडं घालायचं, म्हणजे आजीची माया पांघरली जाते. तळाला आईचं लुगडं, म्हणजे बाळाला अंगाखाली ओळखीचा वास येतो. आणि मधल्या पोटात बापाचं कापड. धोतर असो, सदरा असो, पण त्याच्याच अंगावर विरलेलं. या बाबतीत म्हातारी कुणाचं ऐकायची नाही. बाजारपेठेतली गुणमाला, चांगल्या पैसेवाल्या जैन घरातली, एकदा जावयाचं धोतर मिळालं नाही म्हणून आपल्या लेकाचं घेऊन आली होती. हरणाबाईनं तिला चहा पाजला, गप्पा मारल्या, आणि धोतर तिच्याच पिशवीत घालून परत पाठवलं. "मामाचं कापड पोटात घातलं तर लेकरू बापाला परकं हुतंय," असं तिचं म्हणणं. खरंखोटं देव जाणे, पण तिनं हा नेम कधी मोडला नव्हता.

गठुड्यातलं वरचं लुगडं बघून राही थबकली. तांबड्या काठाचं, हिरवं. "आत्ती, ह्ये तुमचं की."

"व्हय. त्येंच्यात म्हातारं माणूस ऱ्हायलं न्हाई. म्हटलं, माजंच घाला."

राहीला ते पटलं. उलट सासूच्या मनाचा मोठेपणा वाटला. तिनं तळाचं लुगडं हाताळलं, गुलाबी, बारीक फुलांचं, कुणा तरण्या बाईचं. मग मधला सदरा उलगडला आणि शिवणी उसवायला घेतल्या. एक बाही सुटी झाली. दुसरी बाही उसवताना कोपराशी तिचा हात थांबला.

तिथं रफू होतं. डोळ्याला सहज दिसलं नसतं. पण ज्यानं केलं त्याला आपलं रफू उन्हात धरल्यावर कळतंच. उसाच्या कुंपणाच्या तारेत अडकून सयाजीच्या सदऱ्याचा कोपर मूठभर फाटला होता, आणि राहीनं त्याच सदऱ्याच्या टोकातले धागे काढून, उभे-आडवे घालून, दोन दुपारी खर्चून तो भरला होता. पुढं सयाजी म्हणाला होता, सदरा वाळत घातला होता तो वाऱ्यानं नदीत गेला. तिला सदऱ्यापेक्षा रफूचं वाईट वाटलं होतं.

माणूस आधी आपल्या माणसाची बाजू घेतं. राहीनंही घेतली. सयाजीनं तो मुकादमाच्या जावयाला दिला असेल, मागितल्यावर नाही कसं म्हणणार, आणि बायको रागावेल म्हणून नदीचं नाव सांगितलं असेल. तिनं स्वतःला हे दोनदा समजावलं. पण मांडीवर वर हरणाबाईचं लुगडं होतं, मध्ये सयाजीचा सदरा होता, आणि नेम मोडायला म्हातारी काही गुणमाला नव्हती. वर बापाची आई, मध्ये बाप. तळाच्या गुलाबी लुगड्याकडं राहीला बघवेना.

हरणाबाई भिंतीला टेकून जुन्या दोऱ्याची गुंडी करत होती.

"आत्ती, पोटातलं कापड कुणाचं हाय?"

"लेकराच्या बापाचं. आन् कुणाचं असंल?"

"हात द्या जरा." राहीनं तिचं बोट धरून बाहीच्या कोपरावर ठेवलं. "काय लागतंय?"

म्हातारीनं बोट फिरवलं. एकदा सरळ, एकदा उलटं. डोळे गेले तरी या बोटांनी आजवर किती बायांची लबाडी पकडली होती. "कायबी न्हाई. चांगला हाय की सदरा."

"तितं मूठभर भोक हुतं. तारंत फाटला हुता. म्या रफू केलंया."

हरणाबाईचं बोट तिथंच राहिलं. सदरा निवडताना तिनं तो चहूबाजूंनी चाचपला असणार, ठिगळ-शिवण काही असेल तर सून ओळखेल म्हणून. तिला काही लागलं नाही, कारण बोटाला लागू नये असं रफू करायला तिनंच राहीला शिकवलं होतं. दोरा ओढू नगं, नुसता निजव, असं म्हणत चिंध्यांवर चिंध्या भरून घेतल्या होत्या. सुनेनं विद्या पुरती उचलली, एवढीच काय ती म्हातारीची चूक झाली.

"कवापास्नं?" राहीनं विचारलं.

हरणाबाईनं सदऱ्यावरचं बोट काढून घेतलं. मग म्हातारी म्हणाली, "गेल्या चैतापास्नं."

"तुमास्नी कवा कळलं?"

"सयाजीचं लगीन म्याच लावून दिलं, पोरी. तितंच, पाटणच्या अंगाला एका देवळात. सरकारी नोकरीला दुसरी बायको चालत न्हाई, म्हणून बोभाटा केला न्हाई."

गेल्या चैत्रात हरणाबाई सयाजीबरोबर जोतिबाला गेली होती. म्हणजे तसं सांगून गेली होती. राहीनं पहाटे उठून दशम्या बांधून दिल्या होत्या. आत्तींनी देवाला जुनी चोळी घालून जाऊ नये म्हणून नवी खणाची चोळी शिवून दिली होती. आणि परत आल्यावर म्हातारीनं पुडीतला गुलाल तिच्या कपाळाला लावून म्हटलं होतं, देवाला तुझ्यासाठी गाऱ्हाणं घातलंय. राहीनं तो गुलाल दुसऱ्या दिवशी न्हातानासुद्धा पुसू दिला नव्हता.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. नवऱ्याचं तिला फार नवल वाटलं नाही, हे तिचं तिलाच विचित्र वाटलं. सयाजी महिन्यातून एक दिवसाचा माणूस. पण ही बाई रोज समोर होती. एकाच ताटात जेवत होती, तिच्या दुखण्या-खुपण्यात पाय चेपत होती, आणि पोटात हे ठेवून तिच्याकडून लोकांच्या लेकरांची दुपटी शिवून घेत होती.

"घराला दिवा नगं का?" हरणाबाई म्हणत होती. "तुला घालवून न्हाई दिलं. दुसऱ्या कुणी घालवलं असतं. लेकरू तुजंबी हाय. आन् पैल्या लेकराला घरच्याच हाताचं दुपटं लागतं, माजे डोळं हे असे. तुज्याबिगार कोण हाय मला?"

"आन् डबा?"

"डबा तुजाच. तिला कुठली शिवणाची गोडी? तिला टाकासुदीक घालता येत न्हाई."

म्हातारीनं हे मायेनंच सांगितलं. तिला वाटलं, यानं तरी पोरीचं मन निवेल. पण राहीला त्या बोलण्यात आपली जागा लख्ख दिसली. एकीला नवरा, लेकरू, बारसं. आणि दुसरीला कात्री, दाभण, त्या लेकराची दुपटी शिवायला. घर जिच्या हातात, डबा तिच्या हातात, असं सांगून म्हातारीनं तिला घराऐवजी काम दिलं होतं. आणि ती मूर्ख त्या कामाला चिंचेनं घासून लखलखीत ठेवत होती.

तिनं बोटातलं अंगुस्तान काढून डब्यात टाकलं. तिन्ही कापडांची घडी घातली, ती डब्यावर ठेवली, आणि डबा फरशीवरून सासूच्या पायापाशी सरकवला.

"तुमचं नातवंड, तुमी शिवा."

हरणाबाईनं तिची बरीच समजूत घातली. मग थोडी रागावली. बारसं काही थांबणार नव्हतं. शेवटी म्हातारीनं चाचपडत डबा उघडला, गादीतली सुई उपसली, दोरा तोडला. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई उजेडाकडं धरली आणि ओवायला गेली. दोरा बाजूनं गेला. पुन्हा टोक ओलं केलं, पुन्हा बाजूनं गेला. उन्हं सोप्यातून अंगणात सरकली तरी दोरा सुईत गेला नाही.

"राही," ती म्हणाली, "एवढी सुई ओवून दे बाय. मग म्या शिवते."

राही हातभर अंतरावर बसली होती. तिला सुईचं नाकं चांगलं दिसत होतं. ती बसूनच राहिली, आणि म्हातारीनं पुन्हा दोरा ओला केला.