दीड महिन्यानं पुन्हा फोटो

डोळ्यांच्या दवाखान्यात पडद्याचे फोटो काढणाऱ्या बाईंना सगळे फोटोताई म्हणत. त्या दिवशी त्यांच्यापुढे एक शिंपीकाका बसले होते. साखरेचे जुने पेशंट. सुईत दोरा ओवता येईना म्हणून आलेले. फोटोत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून हातातल्या शिरेत पिवळा रंग टोचला, तशी काकांना भडाभडा उलटी झाली. ताईंनी भांडं धरलं, तोंड पुसलं, हनुवटी पुन्हा मशीनवर टेकवली.

फोटो मात्र झकास आला. नको तिथे उगवलेल्या रक्तवाहिन्यांचं जाळं, आणि त्यांतून झिरपणारा रंग काळ्या-पांढऱ्या फोटोत पांढरा चमकत होता. आता लगेच लेझर, असं धरून ताईंनी तो मोठ्या डॉक्टरांना दाखवला.

डॉक्टर चहात बिस्कीट बुडवत होते. "वा! दीड महिन्यानं बोलवा त्यांना. पुन्हा फोटो घेऊ."

"आणि लेझर?"

"लेझर केला की वाढ थांबली. मला डॉक्टरांच्या संमेलनात वाढच तर दाखवायचीय."

"मधेच आत रक्त सांडलं तर, सर? डोळा जाईल."

"मग त्याचाही फोटो घ्या," डॉक्टर हसले. ओलं बिस्कीट त्यांच्या ओठाला चिकटलं होतं. ताईंना शिसारी आली. उलटीचं भांडं धरताना आली नव्हती.

बाहेर काका त्या रंगानं पिवळ्याधमक झालेल्या चेहऱ्यानं बसले होते. "दीड महिन्यानं बोलावलंय म्हणे. म्हणजे विशेष काही नाही ना, ताई?"

"आहे, काका. आजच्या आज सरकारी दवाखान्यात जा." ताईंनी फोटो त्यांच्या हातात कोंबले आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी लेझर सुरू झाला. डोळा वाचला.

मोठे डॉक्टर खवळले. "माझे फोटो बाहेर दिलेत?"

"डोळा त्यांचा होता, सर."

त्या दुपारी ताईंनी संगणकातले जुने फोटो उघडले. एकेका पेशंटचे दोन-दोन. पहिल्यात कोवळं जाळं, दुसऱ्यात रक्तानं काळवंडलेला डोळा. असे सात जण. सगळे फोटो त्यांनीच काढलेले, स्वच्छ, काटेकोर. दर वेळी डॉक्टरांनी पाठ थोपटली होती आणि त्या फुशारल्या होत्या. आता त्यांना स्वतःचीच किळस आली.

त्यांनी वैद्यकीय परिषदेकडे तक्रार लिहिली. फोटो कोणी काढले, या रकान्यात सातही वेळा स्वतःचं नाव घातलं आणि नोकरीचा राजीनामा सोबत जोडला.