थांबायची ओळ

धाकट्या बहिणीला गोगलगाय हे नाव मीच ठेवलं. प्रोग्राम लिहिताना ती दर दोन ओळींनी थांबून विचार करायची, आणि तिचा प्रोग्रामही तसाच, जिथे तिथे थांबणारा. मला मेलीला दम कधी निघालाच नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यासाठी रुग्णांना वेळा देणारा प्रोग्राम आम्ही दोघींनी केला होता. दोन वर्षांपूर्वी त्याने ऑपरेशनची एकच वेळ दोघांना दिली. उपाशीपोटी आलेल्या एका आजींना तसंच घरी परतावं लागलं. डॉक्टरीणबाई भडकल्या. "नोंदींचं काम हिच्याकडे आहे," सगळ्यांसमोर बोट दाखवून मी मोकळी झाले.

"ताई, ऐक ना, त्यात ती..."

"आता सारवासारव नको!"

महिन्याभरात ती दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. तेव्हापासून आमचं बोलणं आईमार्फत.

काल तोच घोळ पुन्हा झाला. आता बोट दाखवायला कुणी उरलं नव्हतं. प्रोग्राम मध्येच थांबवायची खूण, म्हणजे ब्रेकपॉइंट, मी टाकला आणि चुका शोधायच्या डीबगरमध्ये एकेक ओळ चालवत गेले. सगळं बिनचूक! डीबगर काढला की घोळ हजर. अर्धा दिवस डोकं आपटल्यावर उजेड पडला. डीबगर दर ओळीला प्रोग्राम थांबवतो, तेवढ्यात पहिल्या रुग्णाची नोंद आपसूक पूर्ण होते. एरवीच्या वेगात दुसरा त्याआधीच घुसतो.

मग प्रोग्राममध्ये कुणी काय बदललं त्याचा जुना इतिहास उघडला. पहिली नोंद होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारी ओळ तिथे होती. लिहिणारी बहीण, काढून टाकणारी मी. शेजारी माझाच शेरा: "उगाच वेळ खाते. डीबगरमध्ये तपासलं, गरज नाही." तारीख आजी परत गेल्या त्याच्या आदल्या आठवड्याची.

ओळ जागेवर घातली आणि तिला फोन लावला.

"ताई? आई बरी आहे ना?"

"बरी आहे गं. ती थांबायची ओळ... मीच काढली होती."

"माहितीये."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलतच होते."

माफी मागायला तोंड उघडलं, पण तिचं राहिलेलं आधी ऐकावं म्हणून थांबले. चांगली थांबले.

"ताई, माझी मीटिंग आहे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.