पिवळ्या बसचा शेवटचा धूर

मित्रांनो, अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात डूई मेकॅनिकच्या गॅरेजमागे, कमरेएवढ्या गवतात शाळेची एक फिकट पिवळी बस उभी आहे. ती मी.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा रंग मक्याच्या दाण्यासारखा लख्ख होता. मला न्यायला ड्रायव्हर व्हर्नाबाई आल्या होत्या. माझ्या बॉनेटवर थाप मारून त्या म्हणाल्या, "चल बये. आपले रस्ते वाकडे आहेत, आत्ताच सांगून ठेवते."

रस्ते वाकडेच होते. ओढ्याच्या कडेनं, बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीला वळसा घालून आम्ही जायचो. दर वळणावर एखादं पोर दप्तर सावरत उभं असायचं. एकदा ओढा फुगला आणि पूल बुडाला. तेव्हा मी सगळ्या मुलांना टेकडीवरच्या चर्चपाशी सुखरूप पोचवलं. त्यांच्या आयांनी माझ्या चिखलानं माखलेल्या अंगावरून हात फिरवला. मला धन्य वाटलं.

पण यंत्राला वय लपवता येत नाही. पुढं चढ आला की मला धाप लागे, मी काळा धूर ओकू लागले. मागच्या दाराचं रबर झिजलं होतं, तिथून तो धूर आत शिरे. मेकॅनिक डूई ठोकून ठोकून थकला.

"व्हर्ना, हिचे दिवस भरले," तो म्हणायचा.

"तुझेही भरलेत. तुला टाकलं का कुणी भंगारात?" व्हर्नाबाई फणकारायच्या.

माझ्यात टेसा नावाची एक बडबडी मुलगी बसायची. तिला दम्याचा त्रास होता. व्हर्नाबाईंनी तिला मागून उठवून पुढच्या बाकावर बसवलं, पण थंडीत खिडक्या बंदच ठेवाव्या लागत. एका सकाळी चढावर तिची बडबड एकदम थांबली. व्हर्नाबाईंनी आरशात पाहिलं, तर पोरीचे ओठ निळे पडलेले. त्यांनी करकचून ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं आणि तिला उचलून बाहेर नेलं. दप्तरातला औषधाचा पंप तिच्या तोंडाला लावला.

"घे बाळा, सावकाश. आणखी एकदा."

माझाच धूर अजून हवेत तरंगत होता.

बऱ्याच वेळानं टेसा क्षीण आवाजात म्हणाली, "आता शाळेला उशीर होणार ना?"

"होऊ दे मेला!" म्हणत व्हर्नाबाईंनी डोळे पुसले.

त्यानंतर चर्चमध्ये गावाची सभा भरली. उघड्या दारातून मला सगळं ऐकू येत होतं. विजेवरची बस घ्यायला सरकारी अनुदान मिळणार होतं. अट एकच होती. जुन्या बसचं इंजिन कायमचं निकामी करायचं, म्हणजे ती दुसरीकडे जाऊन धूर सोडणार नाही.

चर्चची देखभाल करणारे होबार्ट उसळले. "चालती गाडी मारायची? आम्हाला द्या. रविवारच्या प्रार्थनेपुरती वापरू."

"का हो होबार्ट, रविवारी पोरं श्वास घेत नाहीत?" व्हर्नाबाईंनी विचारलं. लोक हसले. त्या हसल्या नाहीत. "माझ्याइतकी माया तिच्यावर कुणाची नाही. म्हणून मीच सांगते, अनुदान मागा."

खरं सांगते, मला लागलं ते. पण टेसाचे निळे ओठ मीही पाहिले होते.

नवी बस आल्यावर व्हर्नाबाईंनी मला धुतलं, बाकांखालून झाडून घेतलं आणि स्वतः चालवत इथं आणलं. डूई ड्रिल घेऊन उभा होता.

"तू घरी जा, व्हर्ना. तुला बघवायचं नाही."

"तिला एकटीला सोडून? मी नाही जायची."

माझ्या इंजिनाला आरपार भोक पडेपर्यंत त्यांचा हात माझ्या दारावर होता. तेल गवतावर सांडलं. डूईनं डोक्यावरची टोपी काढली.

मित्रांनो, तुमची बस, तुमची सायकल, जी कुणी तुम्हाला वाहून नेते तिला जपा. तिची दारं आपटू नका. आणि ती थकली, तिच्यामुळे कुणाला त्रास होऊ लागला, की तिला तशीच दामटू नका. मानानं निरोप द्या.

आता रोज सकाळी नवी बस समोरचा चढ चढते. तिला ना घरघर, ना धूर. त्यामुळे आतली मुलं काय बोलतात ते इथवर ऐकू येतं. माझ्या काळात माझ्याच आवाजात ते मला कधी कळलंच नाही. काल टेसा कुणावर तरी केवढ्यानं ओरडत होती, "ए, सरक! खिडकी माझी आहे!"