वायपरखालचे झेंडू

मित्रांनो, मला जुना म्हणा, खटारा म्हणा, पण भंगार म्हणू नका. त्या शब्दाने माझे बोल्ट सैल होतात. मी एक निळा पिकअप ट्रक. बेंगळुरूत भीमाचार्यांच्या अंगणात राहतो.

तरुणपणी मी चिकपेटेच्या बाजारातून साड्यांचे गठ्ठे गावोगाव पोचवले. एकदा चढावर असा जोर लावला, की टेकडीच चार हात मागे सरकली! माझा हॉर्न ऐकून थांब्यावरची माणसं नको त्या बसमध्ये चढून बसत. खोटं वाटतं? माझ्या डाव्या दाराला विचारा. तेही माझ्यासारखंच, एकदा उघडलं की मिटत नाही.

माझं कौतुकही फार. दर आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, भीमाचार्य मला अंघोळ घालत, कुंकू लावत आणि काचेखाली वायपरमध्ये झेंडूचा जाडजूड हार अडकवत. तो हार काढायचा नाही, हा त्यांचा नेम. "देवाच्या गळ्यातला हार ओढू नये. आपोआप पडेल." असा मी वर्षातला एक दिवस देव, उरलेले दिवस सायकली टेकवायचा खांब.

हळूहळू मला गंज चढला. काचेखालचा पत्रा फुगला. केबिनमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी एवढं भोक पडलं, की शेजारचं मांजर तिथून ये-जा करू लागलं. भीमाचार्यांनी भोकावर पुट्टी थापली, वर निळा रंग दिला. वर्षभरात गंज पुट्टीसकट बाहेर! असं पाचदा झालं. शेवटी कंटाळून त्यांनी कोरमंगलातल्या एका हॉटेलवाल्याला शब्द दिला, दसऱ्याला घेऊन जा. तो माझं इंजिन काढून माझ्या पोटात डोसे भाजणार होता!

तेव्हा त्यांची धाकटी बहीण वसुमती आडवी आली. तीस वर्षं आयटीआयमध्ये पत्राकाम शिकवून ती नुकतीच निवृत्त झाली होती.

"अण्णा, आयुधपूजेपर्यंत मला दे. तोवर चालला नाही तर खुशाल डोसे खा."

"वसू, साठाव्या वर्षी ट्रकखाली झोपणार तू?"

"साठाव्या वर्षी तू टीव्हीसमोर झोपत होतास. मी काही बोलले?"

काय बाई ती! तिने फ्रिजवरचं चुंबक आणलं आणि माझ्या अंगावरून फिरवलं. चुंबक जिथून गळून पडे तिथे पत्रा नाही, नुसती पुट्टी. तिथे खडूने फुली. तेवीस फुल्या झाल्या! मग तिने पुट्टी खरवडली, कुजका पत्रा कापला, चांगला पत्रा चकाकेपर्यंत घासला. पुठ्ठ्यावर माप काढून नवा तुकडा बेतला आणि ठिपक्याठिपक्याने वेल्डिंग केलं. दर ठिपक्यानंतर थांबायची. एकदम तापवलं तर पत्रा पापडासारखा वाकतो. वर गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा हात दिला, आतूनही दिला. इंजिनचं तेलपाणीही केलं.

पूजेच्या आदल्या दिवशी तिने माझ्या काचेवर बादलीभर पाणी ओतलं. पाणी खाली जाईना! काचेखालच्या पन्हळीतच तुंबलं. तिने पाणी जायच्या भोकात वाकडी तार घातली आणि ओढली. बाहेर आला काळा, कुजका गोळा. फुलं, दोरा, कुंकू.

"अण्णा, स्वल्प, जरा इकडे ये."

भीमाचार्यांनी दोरा ओळखला. आपोआप पडलेल्या हारांचा. "म्हणजे हा गंज मीच..."

"पूजेत काही चुकलं नाही रे. पूजा झाल्यावर तू निघून गेलास, तेवढं चुकलं."

दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्या फटक्यात सुरू झालो. असा गरजलो, की इलेक्ट्रॉनिक सिटीतले संगणक दचकून बंद पडले! भीमाचार्यांनी हॉटेलवाल्याला फोन केला, "सरी, ठीक आहे, दसऱ्याला आम्हीच येतो. डोसे खायला. ट्रकमध्ये बसून." मग हार घातला. आणि संध्याकाळी, कुणी न सांगता, ते पुन्हा आले. हार उतरवला, सुक्या फडक्याने पन्हळ पुसली, भोकात बोट घालून पाहिलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझी खरी पूजा झाली ती त्या संध्याकाळी.

तुम्हीही आवडत्या वस्तूला हार जरूर घाला. पण फडकं घेऊन परत या.

वाईट वाटतं ते फक्त त्या मांजराचं. रोज येतं आणि नव्या पत्र्यावर डोकं आपटतं. म्हणूनच डावं दार मी अजून मिटू देत नाही.