पिस्टननाथांचे शंभर सीसी

सकाळी भगवानरावांनी गिरणीचे शटर वर केले, कालच्या पिठाची धूळ फडक्याने झटकली, टाकीत काडी बुडवून डिझेल पाहिले आणि इंजिनाला हँडल मारले. इंजिन दोनदा शिंकले, तिसऱ्यांदा काळा धूर ओकून सुरू झाले; पण खातूनबीची ज्वारी जात्यात पडताच धापा टाकू लागले.

"भगवानराव, तुमचं इंजन माह्यापेक्षा म्हातारं झालं," खातूनबी म्हणाली.

अन्सार मिस्त्री कधीचा सांगत होता, "काका, सिलिंडरचा बोर घिसला. ब्लॉक लेथवर न्या लागते." पण लेथवर न्यायचे म्हणजे आठवडाभर गिरणी बंद, आणि समोर नवी विजेची चक्की टपून बसलेली. गेलेले गिऱ्हाईक परतेल याची हमी कोण देणार? अशा कोंडीत माणसाला चमत्कार फार जवळचा वाटतो.

तो चमत्कार दिग्रसच्या पटांगणात उतरलाच होता. श्री पिस्टननाथ महाराज नुसत्या मंत्राने इंजिनाचे सीसी वाढवत. त्या कृपेसाठी भगवानरावांनी गिरणीचा पुढचा गाळा मठाला द्यायचे मनात धरले होते. आज सभेत शब्द जाहीर करायचा होता. शाळेत गणित शिकवणारी त्यांची सून शाल्मली सोबत आली. "मामाजी, गाळा द्यायचा तर द्या," ती म्हणाली, "पण आधी मला ते इंजिन मोजू द्या."

पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर हेड, म्हणजे वरचे झाकण, काढलेले इंजिन होते, सिलिंडरचे तोंड आभाळाकडे उघडे. बाजूच्या जड चाकावर भगवे वस्त्र.

"भक्तहो, देह म्हणजे सिलिंडर, आत्मा म्हणजे पिस्टन! आणि धूर? धूर म्हणजे तुमचं पाप!" महाराज म्हणाले.

"मंग आमच्या गल्लीत लय पापी हायेत!" मागून कोणी ओरडले.

शाल्मली पट्टी घेऊन पुढे आली तेव्हा महाराज उदार हसले. "मोजा, ताई. गणितालाही दर्शन घडू द्या." सिलिंडरचे तोंड आठ सेंटिमीटर रुंद भरले. मग महाराजांनी मापाच्या भांड्याने पाणी ओतले. साडेचारशे मिलिलिटरला, म्हणजे तितक्याच सीसीला, सिलिंडर काठोकाठ भरला. पाणी टिपून काढले, आणि मंत्र गर्जला, "बोरं वर्धय! स्ट्रोकं वर्धय! अॅव्हरेजं मा घटय, स्वाहा!" शिष्याने वस्त्राखालच्या चाकाला मिठी मारली आणि भक्तीने गदगदून सारा भार त्यावर टाकला. पुन्हा पाणी ओतले. या खेपेला साडेपाचशे मावले!

जयजयकाराने कबुतरे उडाली. भगवानरावांचे डोळे भरून आले. शब्द द्यायला ते उठलेच.

"थांबा, मामाजी." शाल्मलीने पुन्हा पट्टी लावली. "रुंदी आठची आठच. सीसी म्हणजे पिस्टन वरून खाली धावतो तेवढी जागा. ती दोनच रीतींनी वाढते. बोर रुंद करा, नाहीतर पिस्टनची धाव लांबवा. बोर वाढला नाही. धाव लांबवायला पिस्टनला खालीवर नेणारी आतली क्रँक बदलावी लागते, आणि घोषणांनी क्रँक बदलत नाही. या इंजिनाच्या पाटीवर धाव अकरा सेंटिमीटर लिहिलीय. करा हिशेब: त्रिज्येचा वर्ग, गुणिले पाय, म्हणजे तीन पूर्णांक चौदा शतांश, गुणिले धाव."

तोंडी हिशेबावर भगवानरावांचा जन्म गेला होता. "चार चोक सोळा... अकरानं एकशे शहात्तर... तीनपट पाचशे अठ्ठावीस, वर एकशे शहात्तरचे चौदा टक्के... पाचशे त्रेपन्न." ते थबकले. "म्हंजे हे इंजिन पहिल्यापासूनच साडेपाचशेचं हाय! मंग मघाशी शंभर कुठी दडले होते?"

"वस्त्राला हात लावू नका! शक्ती कोपेल!" महाराज ओरडले.

भगवानरावांनी वस्त्र ओढले आणि चाक फिरवले. पिस्टन वर आला, पाणी उसळले आणि थेट महाराजांच्या पावलांवर सांडले.

"इंजिन मोठं केलंच नाही," शाल्मली म्हणाली. "आधी पिस्टन दोन सेंटिमीटर वर ठेवून लहान दाखवलं. शिष्याच्या मिठीनं चाक फिरलं, पिस्टन खाली बसला."

मग मात्र पटांगणाला उधाण आले. जो तो चाक फिरवायला धावला. "हे पाय, वाढले सीसी!" "हे पाय, घटले!" खातूनबीने पदर खोचून चाकाला हिसका दिला. "मीबी महाराज झाली रे! पाया पडा माह्या!" महाराज जीपमध्ये बसले, तर जीप सुरू होईना, हसून बेजार झालेल्या भक्तांनीच तिला धक्का मारला.

"अन्सार," भगवानरावांनी गर्दीतून हाक दिली, "तू बोर केल्यावर किती सीसी वाढते?"

"अर्धा मिलिमीटर काटला त सात, काका. दीड चमचा."

"मंग ताकद कायची येते?"

"नवा पिस्टन, नव्या रिंगा घट्ट बसल्या, की दाब निसटत नाही."

शाल्मलीने गर्दीकडे पाहिले. "फसलो म्हणून कोणी लाजू नका. इंजिन थकलं की घर घाबरतं. घाबरलेल्याला फसवणं सोपं असतं. एवढंच करा: चाक झाकलेलं दिसलं, तर आधी ते उघडायला सांगा आणि स्वतःच्या हातानं मोजा. मोजण्यानं कुठलाच देव रागावत नाही."

दुसऱ्या दिवशी भगवानरावांनी इंजिन खोलून ब्लॉक अन्सारकडे पोचवला. मग आठवडाभर गिऱ्हाईक अडू नये म्हणून गिरणीत दळणासाठी आलेले डबे एकेक उचलून समोरच्या विजेच्या चक्कीवर नेऊन ठेवले, आणि कोणाला बारीक लागते, कोणाला जाडे, तेही चक्कीवाल्याला नीट सांगून आले.